भरलेली पुंगळी आणि छापील हमी

एरवी मी जत्रा, दशावतारी काला, जुनी नाटके, फार तर कचेरीतल्या गमतीजमती यांवर लिहितो. आज विषय बंदुकीचा आहे. वाचकहो, दचकू नका. सत्तरीत आजोळ असलेल्या माणसाला बंदूक काही नवी नाही, आणि गेली काही वर्षे शस्त्रपरवान्यांच्या फायली माझ्याच टेबलावरून पुढे सरकतात. तरी मला लिहायचे आहे ते बंदुकीसोबत खोक्यातून येणाऱ्या एका कागदाविषयी. मराठी घेऊन बी.ए. झालेला आणि पुढे कारकुनीत मुरलेला माणूस कागदाविषयीच बोलणार!

झाले असे. माझा मामेभाऊ वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. त्याला तिथे नेमबाजीचा छंद लागला. रविवारी क्लबात जायचे, कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडायच्या आणि जमिनीवर पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून पिशवीत भरून घरी आणायच्या. थंडीत बाहेर बर्फ पडत असला की हा तळघरात बसून त्या पुंगळ्या पुन्हा भरतो. तिकडे याला ‘रीलोडिंग’ म्हणतात आणि तो तिथल्या लाखो लोकांचा रीतसर, कायदेशीर छंद आहे.

तर एका रात्री साडेअकराला त्याचा फोन. त्याच्या पिस्तुलातला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामी पुंगळी नळीतून मागे खेचून काढणारा छोटासा आकडा, तुटला होता. पिस्तूल घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती. कंपनीची हमी होती. पण माहितीपुस्तिकेत एक वाक्य होते, त्याचा मतलब असा, की पुन्हा भरलेली काडतुसे वापरल्यास हमी रद्द होईल. आणि याने तर कारखान्याची आणि घरी भरलेली, दोन्ही प्रकारची काडतुसे वापरली होती. क्लबातल्या मित्रांनी सल्ला दिला होता, की चार खोकी कारखान्याची काडतुसे झाड, पिस्तूल पुसून पाठवून दे आणि घरच्या काडतुसांविषयी चकार शब्द काढू नकोस. कोण विचारतो?

“तू सरकारी माणूस, कागद वाचणारा,” तो म्हणाला. “सांगूं काय नाका?”

प्रश्न एवढाच होता. त्याचे मी काय उत्तर दिले ते शेवटी सांगतो. उत्तर देण्यापूर्वी मला बरेच वाचावे लागले, आणि वाचता वाचता माझे एक मत बनले. ते मत मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी काडतूस म्हणजे काय ते थोडक्यात. त्याचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी पाडणारी केप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की केप जाते, दारू जळते, गोळी उडते. उरते ती पुंगळी. गंमत अशी की चारांमध्ये सर्वांत महाग ती पुंगळीच. साहजिकच काटकसरी माणसाला ती फेकून देणे जिवावर येते. अमेरिकेत हा उद्योग जुना आहे. एकोणिसाव्या शतकात रानरेड्यांची शिकार करणारे लोक तळावर बसून स्वतःची काडतुसे भरत. आजचे हौशी नेमबाज पैसे वाचवण्यासाठी भरतात, आपल्या बंदुकीला मानवेल असे नेमके माप साधण्यासाठी भरतात, आणि २०२०-२१ सारखा काळ आला, दुकानांतली फळकुटे रिकामी पडली, की नाइलाजानेही भरतात.

आता कंपनीची बाजू. ती मी मुद्दाम आधी घेतो, कारण ती खोटी नाही.

मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो ती दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाबाची. नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला अमेरिकेत दाबाची जी कमाल मर्यादा ठरवलेली आहे, ती आहे ३५,००० पौंड. म्हणजे चाकाच्या हजारपट. ही मर्यादा ठरवणारी संस्था काडतूस-बंदूक कारखानदारांचीच आहे आणि १९२६ पासून चालू आहे. कारखाना आपल्या काडतुसांच्या प्रत्येक घाण्यातले नमुने घेऊन दाब मोजतो. तळघरात बसलेल्या माणसाकडे तराजू असतो, दाब मोजायचे यंत्र बहुधा नसते. तो छापील तक्त्यावर विसंबून ग्रेनमध्ये दारू मोजतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराची गुंज सुमारे १२० मिलिग्रॅमची, म्हणजे हे माप अर्ध्या गुंजेचे! पिस्तुलाच्या काडतुसात अशी चार-पाच ग्रेन दारू असते. त्यात एका ग्रेनाचा फरक म्हणजे निदान पाचवा हिस्सा फरक.

इथे मला माझा मामा आठवतो, म्हणजे याच मामेभावाचा बाप. मामाकडे कुळागराच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. आता ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हा ‘रीलोड’च की! नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून चिंधी ठासायची, छरे घालायचे, पुन्हा ठासायचे, मागे केप बसवायची. मामाच्या लोखंडी गजावर कानशीने पाडलेल्या दोन खाचा होत्या. नळी रिकामी असताना गज आत घातला की एक खाच तोंडाशी येई. नेमका बार भरलेला असला की दुसरी. संध्याकाळी बंदूक हातात घेतली की मामा पहिल्यांदा गज घालून खाच बघायचा. कालचा बार आत राहिला असेल आणि त्यावर आज दुसरा भरला तर काय होईल, हे त्याला सांगावे लागत नव्हते. तो बार भरत असताना आम्ही पोरांनी तोंड उघडायचे नाही, हा घरातला कडक नियम होता. मामी चहा घेऊन आली तरी उंबऱ्याशी थांबायची.

मामाची दारू काळी होती. तिचे बरे असे की ती जागा खूप खाते. चुकून दुप्पट ओतली तर निदान गजावर तरी दिसते. १८८४ साली फ्रान्समध्ये धूरविरहित दारूचा शोध लागला आणि सगळे गणितच बदलले. ही दारू थोडक्यात पुष्कळ काम करते. पॉइंट अडतीस स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी काळ्या दारूच्या काळातल्या मापाची, म्हणून ऐसपैस. त्यात आजच्या दारूचे नेमके माप टाकले तर तळाशी जेमतेम थर दिसतो. चुकून दोनदा टाकले तरी पुंगळी भरत नाही, गोळी वर निमूट बसते आणि बाहेरून काडतूस अगदी शहाण्यासारखे दिसते. उलट एखाद्या पुंगळीत दारू घालायचीच राहिली, तर नुसत्या केपेच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. नेमबाजाला ते कळले नाही आणि त्याने पुढचा बार टाकला, तर नळी फुगते किंवा फाटते. हात जातो, डोळा जातो.

तेव्हा कंपनी म्हणते, “तुझ्या तळघरात तू काय भरलेस ते मला ठाऊक नाही, त्याची जबाबदारी मी घेणार नाही,” यात मला काहीही गैर दिसत नाही. मामाने दुप्पट बार भरला असता आणि नळी फाटली असती, तर बंदूक करणाऱ्या लोहाराच्या दारात जाऊन भांडायला मामासुद्धा गेला नसता.

माझी तक्रार वेगळ्याच ठिकाणी आहे. ती ‘रद्द’ या शब्दाशी आहे.

घरच्या काडतुसाने बिघाड झाला तर दुरुस्ती नाही, हे एक वाक्य झाले. घरचे काडतूस वापरले तर हमीच रद्द, हे दुसरे वाक्य. दोन्ही वाक्ये सारखी वाटतात, पण त्यांच्यामध्ये मांडवी वाहते. पहिले वाक्य कारण विचारते. दुसरे वाक्य माणसाची जात विचारते. तू भरणाऱ्यांपैकी का? मग तुझे ऐकून घ्यायचे नाही. पिस्तुलाची मूठ ऊन लागून तडकली, मागचा नेम धरायचा भाग सैल निघाला, पोलादाला पाणीच नीट दिलेले नव्हते म्हणून आकडा तुटला, कशाचाही काडतुसाशी संबंध नसला तरी उत्तर एकच. कधी काळी एका रविवारी तू एक पुंगळी भरून झाडली होतीस ना? झाले तर मग.

अमेरिकेत याविषयी कायदा आहे आणि तो आपण वाचण्यासारखा आहे. १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. सेनेटर वॉरन मॅग्नसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस या दोघांच्या नावाचा. या कायद्याने कंपनीवर हमी देण्याची सक्ती केलेली नाही. पण लेखी हमी दिलीच तर काही नियम पाळावे लागतात. त्यातला महत्त्वाचा असा, की ‘आमच्याच किंवा अमक्याच नावाच्या कंपनीचा सुटा भाग वापरला तरच हमी’ अशी अट घालता येत नाही. तो भाग फुकट दिला किंवा सरकारी आयोगाची खास परवानगी घेतली तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या वस्तूमुळे बिघाड झाला असे दाखवून दिले तर तेवढ्यापुरती हमी नाकारता येते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ साली सहा कंपन्यांना पत्रे पाठवून या नियमाची आठवण करून दिली, आणि २०२२ साली हार्ले-डेव्हिडसन या मोटरसायकल कंपनीला, बाहेरचे भाग वापरल्यास हमी जाते असे गिऱ्हाइकाला सांगणे बंद करायला लावले.

मामेभावाला वाटले, सुटलो! मी म्हटले, थांब, वाक्य नीट वाच. कायदा नाव घेऊन अट घालायला मना करतो. तुझी पुस्तिका कोणाचेच नाव घेत नाही. ती म्हणते, कोणाचेही काडतूस आण, पण ते कारखान्यातले, ठरलेल्या मापाचे असू दे. बाजारात असे कारखाने पुष्कळ आहेत. म्हणजे ‘आमच्याच दुकानातून घे’ अशी ही अट नाही. तेव्हा एवढ्या कलमावर तुझा खटला उभा राहील असे मला वाटत नाही. कंपन्यांचे वकील काही झोपलेले नसतात. काही जण तर याहून पुढे गेले. रुगर या नावाजलेल्या बंदूक कंपनीच्या माहितीपुस्तिकांत, आम्ही लेखी हमीपत्र का देत नाही, याचा खुलासाच छापलेला असे. कायदा लेखी हमीची सक्ती करत नाही, म्हणून आम्ही देत नाही, पण गिऱ्हाइकाची काळजी घेतो, असा त्याचा आशय. मला हे त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटले. छापून काढून घेण्यापेक्षा न छापलेले बरे.

यात आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग नेमला. खेळण्यांपासून पंख्यापर्यंत सदोष वस्तू तो बाजारातून परत घ्यायला लावू शकतो. बंदुका आणि काडतुसे मात्र त्याच्या कक्षेच्या बाहेर ठेवल्या आहेत. लहान मुलाचा पाळणा सदोष निघाला तर सरकार बोलेल. पिस्तूल सदोष निघाले तर कंपनीने आपणहून परत मागवायचे किंवा गिऱ्हाइकाने कोर्टात जायचे. अशा वस्तूच्या बाबतीत हमीचा दावा म्हणून जे पिस्तूल कारखान्यात परत येते, ते नुसते तक्रारीचे पिस्तूल नसते. कुठे काय मोडते हे कळण्याचा तो एक मोठा रस्ता असतो.

आता माझा मुख्य मुद्दा. पुस्तिकेतल्या त्या सरसकट वाक्याने होते काय? लोक घरी काडतुसे भरणे थांबवतात का? मुळीच नाही. तीच दुकाने बंदुकीशेजारी रीलोडिंगची यंत्रे, केपा, दारू विकतात. लोक भरतात, झाडतात, आणि मोडले की खोटे बोलतात. चार खोकी कारखान्याची काडतुसे झाडून, पुसून, निरागस चेहऱ्याने पिस्तूल पाठवतात. कारखान्यातला तंत्रज्ञ तुटका आकडा बदलतो आणि पिस्तूल परत जाते. पण आकडा तुटला तो दाब जास्त झाल्यामुळे असेल तर? नळीच्या मागच्या बाजूलाही ताण पडलेला असेल तर? त्याला ते शोधायचे सुचणारच नाही, कारण त्याला खरे सांगितलेलेच नाही. ज्या वाक्याने सुरक्षितता राखायची, तेच वाक्य सुरक्षिततेला लागणारी माहिती दडवायला शिकवते.

हे मी ऐकीव सांगत नाही. कारकुनाइतके हे कोणाला माहीत असेल? आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला येतो, रहिवासाचा दाखला येतो, नाना तऱ्हेची प्रतिज्ञापत्रे येतात. इतक्या वर्षांचा माझा अनुभव असा, की अट जितकी सरसकट, तितके प्रतिज्ञापत्र खोटे. ‘उत्पन्न अमुक रकमेवर एक रुपयाही गेल्यास लाभ बंद’ असे लिहिले की सगळ्या गावाचे उत्पन्न त्या रकमेच्या एक हजाराने खाली येऊन थांबते! माणसे वाईट नसतात. आपण फॉर्मच असा छापतो, की खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आणि खोटे लिहिणाऱ्याला शिक्का.

सरसकट आदेशाचे आणखी एक उदाहरण आपल्या गोव्यातलेच देतो. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. हेतू चांगला आहे. पण सत्तरी, सांगे, काणकोणातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक पीकराखणीची. रानडुक्कर आचारसंहिता वाचत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांत परवाने एकेक तपासून ठरवायला छाननी समितीची तरतूद आहे. ती का आहे, हे एका रात्रीत उकरलेले शेत सकाळी जाऊन पाहिले की कळते. एकेक तपासायला माणूस लागतो, वेळ लागतो, सही करणाऱ्याला जबाबदारी घ्यावी लागते. सरसकटला काही लागत नाही. म्हणून सरकारला सरसकट आवडते आणि कंपनीलाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे अमेरिकेचे. आमचा काय संबंध? बरोबर आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो. तळघरात किंवा पडवीत बसून पुंगळ्या भरणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि हा लेख वाचून कोणी तसला उद्योग करू नये. आपल्या बारा बोअरच्या काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ अशी अक्षरे असतात, ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ पासूनचा हा पुण्याजवळचा कारखाना. ती काडतुसे परवान्यावर नोंद करून घ्यायची. आपल्याकडे रीलोडिंगचा प्रश्न असा नाहीच.

पण त्या वाक्याचा प्रश्न आहे. तो आपल्या घरोघरी आहे. आमच्या कचेरीत प्रिंटरचे टोनर संपले की बाजारातून भरून आणतात. विक्रेता बजावतो, “साहेब, भरलेलं वापरलंत तर वॉरंटी गेली हां.” पुढे प्रिंटरचा कागद ओढणारा रबरी रूळ झिजतो. शाईचा आणि त्या रुळाचा काय संबंध? पण उत्तर तयार असते. मिक्सर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने एकदा उघडला, हमी गेली. मोबाइलची काच बाहेर बदलली, हमी गेली. मोटारीचे तेल गावातल्या गॅरेजात बदलले, हमी गेली.

मोटारींच्या बाबतीत आपल्या देशात निकाल झालेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढे दंडाच्या रकमेवर अपिले झाली, ती गोष्ट वेगळी. मला महत्त्वाची वाटते ती त्या आदेशातली एक सूचना. बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली म्हणून हमी सरसकट रद्द करू नका. सुरक्षिततेसाठी लागतील तेवढी योग्य बंधने खुशाल घाला. तिकडचा १९७५ चा कायदा आणि इकडचा २०१४ चा आदेश, दोघांचे म्हणणे शेवटी एकच. कारण विचारा. त्यानंतर आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, तो २०२० च्या जुलैत लागू झाला. त्यात ‘अनुचित करार’ ही कल्पना पहिल्यांदा आली. एकतर्फी, गिऱ्हाइकाला जाचक अटींविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार केला असेल तर विक्रेत्याला संरक्षणही त्याच कायद्यात आहे. दोन्ही बाजू आहेत. मधला प्रश्न मात्र पुराव्याचा आहे. फेरफारामुळेच बिघाड झाला, हे दाखवायचे कोणी? माझे मत स्पष्ट आहे. जो नाकारतो त्याने दाखवावे. वस्तू उघडून बघायची साधने त्याच्याकडे आहेत, गिऱ्हाइकाकडे नाहीत.

बंदुकीच्या बाबतीत एक अपवाद मी आनंदाने मान्य करतो. नळी फाटलेली आहे, पुंगळी फुटलेली आहे आणि काडतूस घरचे आहे, तर गिऱ्हाइकाने आपले माप बरोबर होते हे दाखवावे. तिथे संशयाचा फायदा कंपनीला द्यावा. कारण मिक्सर बिघडला तर चटणी राहते, बंदूक बिघडली तर हात राहत नाही. टोनर आणि दारू यांना एकाच तागडीत तोलणारा मी नव्हे. पण नळी शाबूत, पुंगळ्या शाबूत, आणि एक आकडा तुटला, तर आकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायला काय हरकत आहे? काडतुसाने तुटला असेल तर तसे लिहा आणि पैसे घ्या. पोलादात दोष असेल तर तसे लिहा आणि बदलून द्या.

आणि भरणाऱ्यानेही आपला भाग पाळावा. मामेभावाची एक वही आहे. कोणत्या तारखेला, कोणती दारू, किती ग्रेन, कुठली केप, किती काडतुसे, सगळे मराठीत लिहिलेले. आकडे देवनागरी. तिथे कोणाला ते वाचता येत नाही, पण तो म्हणतो की आकडा मराठीत लिहिताना त्याचा हात आपोआप सावकाश चालतो. तो भरायला बसला की घरात कोणी त्याच्याशी बोलायचे नाही. त्याच्या मुलीने मला फोनवर हे तक्रारीच्या सुरात सांगितले, तेव्हा मला एकदम मामीचा उंबऱ्याशी थांबलेला चहा आठवला. वही म्हणजे मामाच्या गजावरची खाचच.

तर मी त्याला काय सांगितले? मी म्हटले, खरे सांग. वहीची इंग्रजी नक्कल काढ, सोबत जोड आणि लिही, की मी दोन्ही काडतुसे वापरली, ही मापे, नळी शाबूत आहे, आकडा का तुटला ते कृपया तपासा.

त्याने तसेच केले. तीन आठवड्यांनी चार ओळींचे उत्तर आले. आपण पुन्हा भरलेली काडतुसे वापरल्याचे कळवले आहे, सबब हमी लागू नाही. दुरुस्ती करून हवी असल्यास इतके डॉलर. आकडा का तुटला याविषयी एक अक्षर नाही. कोणी तो तपासला असेल असेही दिसत नव्हते. त्याने पैसे भरले. क्लबातल्या ज्या मित्राचे पिस्तूल आदल्या वर्षी असेच तुटले होते आणि जो गप्प बसला होता, त्याला फुकटात दुरुस्त करून मिळाले होते.

माझ्या सल्ल्याने मामेभावाला भुर्दंड पडला. त्याने मला त्यावरून एकदाही टोचले नाही. म्हणूनच ते जास्त टोचते. मी पुन्हा विचार करून पाहिला. पुन्हा विचारले असते तर काय सांगितले असते? हेच. कारण त्याला पिस्तूल हातात धरायचे आहे, आणि ज्या पिस्तुलाविषयी कारखान्याशी खोटे बोललो ते डोळ्यांसमोर धरून चाप ओढणे मला तरी जमले नसते. कंपनीने न तपासता दुरुस्त केले हा तिचा दोष. पण तपासायला लागणारी माहिती मी दडवली, हा दोष तरी आमच्या खात्यावर नको.

पैसे भरताना त्याने एक विनंती केली होती, तुटलेला आकडा परत पाठवा. तो आला. त्याने आपल्या इस्पितळातल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो धरून पाहिला. आपण रक्त तपासणारे, पोलाद नव्हे, त्यामुळे काही कळले नाही, असे तो हसत म्हणाला. आता तो आकडा त्याने वहीच्या त्या तारखेच्या पानाला चिकटपट्टीने लावून ठेवला आहे. पानावर फक्त तारीख आहे आणि पुढे एक शब्द. ‘कारण –’. पुढची जागा मोकळी आहे.

ती जागा भरून देणे हे ज्याने हमी छापली त्याचे काम होते. ‘हमी रद्द’ असा शिक्का मारायला कारकून पुरतो, हे मी कारकून असूनच सांगतो. ‘का’ हे लिहायला मात्र माणसाला वस्तू हातात घेऊन बघावी लागते. असो. पुढच्या वेळी पुन्हा जत्रेकडे वळू.